पडद्यावरची श्रमिक

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी स्मिता पाटील यांच्या जन्माला सत्तर वर्षे पूर्ण झाली. १३ डिसेंबर १९८६ रोजी, वयाच्या अवघ्या एकतिसाव्या वर्षी त्या गेल्या. त्या जगल्या त्याहून अधिक वर्षे त्यांच्या मृत्यूला आता उलटून गेली आहेत. अशा निमित्ताने त्यांच्या डोळ्यांविषयी, सावळ्या कांतीविषयी आणि अकाली मावळलेल्या तेजाविषयी पुष्कळ लिहिले जाते. ते सारे खरे असेलही. परंतु त्याने आमचे समाधान होत नाही. बारा वर्षांत ऐंशीच्या घरात चित्रपट करणारी ही स्त्री प्रथमतः एक श्रम करणारी व्यक्ती होती, आणि तिच्या श्रमाचा हिशेब मांडण्याचे काम समाजवादी म्हणविणाऱ्यांनी करावयास हवे होते. ते आम्ही केले नाही.

राजकीय साप्ताहिकाने नटीवर अग्रलेख लिहावा काय, असा प्रश्न काही साथींच्या मनात येईल. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव आणि कामगारांचे हक्क हे विषय सोडून ही चैन कशासाठी? या प्रश्नाला आमचे उत्तर असे की, चित्रपट हा या देशातील कोट्यवधी कष्टकऱ्यांच्या विश्रांतीचा आणि स्वप्नांचा व्यवसाय आहे. तो हजारो हातांच्या कामावर चालतो. त्यात भांडवल कोणाचे असते, यावर पडद्यावर बाई कशी दिसावी हे ठरते. अर्थशास्त्राचा अभ्यासक म्हणून प्रस्तुत लेखकाला या एका नियमाची प्रचीती स्मिता पाटील यांच्या कारकीर्दीइतकी स्वच्छपणे अन्यत्र कोठे आली नाही.

त्यांचा जन्म पुण्याचा, घराणे खानदेशातील शिरपूरचे. वडील शिवाजीराव पाटील हे स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेले आणि पुढे राज्याच्या मंत्रिमंडळात गेलेले कार्यकर्ते. आई विद्याताई परिचारिका आणि सामाजिक कार्यकर्त्या. राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात स्मिता वाढल्या. ज्या कलापथकाने निळू फुले यांच्यासारखा अभिनेता महाराष्ट्राला दिला, त्याच मुशीतून ही मुलगीही घडली. सतरंजीवर बसलेल्या माणसांसमोर, रंगरंगोटीचा आधार न घेता, आपले म्हणणे पोहोचविण्याची सवय तिला तेथे लागली. १९७२ मध्ये मुंबई दूरदर्शन सुरू झाले. त्यानंतर तेथे मराठी बातम्या वाचणारी ही तरुणी श्याम बेनेगल यांच्या दृष्टीस पडली. ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’ हे १९७५ चे, तर ‘मंथन’ १९७६ चा. याच काळात ‘सामना’ व ‘जैत रे जैत’ हे मराठी चित्रपटही झाले. ‘भूमिका’साठी त्यांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले तेव्हा त्यांचे वय तेवीसच्याही आत होते. पुढे ‘चक्र’ या चित्रपटासाठी ते दुसऱ्यांदा मिळाले आणि १९८५ मध्ये ‘पद्मश्री’ आली. चरित्राचा सांगाडा एवढाच आहे. आता त्याच्या आतील अर्थव्यवहाराकडे वळू.

‘मंथन’चे भांडवल कोठून आले हे आमच्या प्रत्येक कार्यकर्त्याला ठाऊक असले पाहिजे. गुजरातच्या सहकारी दूध संघांच्या पाच लाख उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाख रुपये उभे राहिले. सावकाराकडे वा वितरकाकडे हात न पसरता, शेतकऱ्यांनी आपल्या दुधाच्या पैशांतून आपलाच चित्रपट काढला आणि मग ट्रक भरभरून येऊन तो पाहिला. या चित्रपटातील बिंदू ही गरीब गवळण आहे. ती शहाण्यासुरत्या अधिकाऱ्यासमोर लाजत-मुरकत उभी राहत नाही. दुधाला भाव काय मिळेल आणि माझ्या म्हशीचे काय, असे तिचे प्रश्न असतात. पैसे देणाऱ्यांचे कौतुकच पडद्यावर दिसावे असाही आग्रह येथे धरला गेला नाही. गावातील जातीची उतरंड, दूधसंस्थेच्या निवडणुकीतील हेवेदावे, निरक्षर बाईचा कागदावर उठवून घेतलेला अंगठा, हे सारे त्यात आहे. सहकार हा आपोआप समता आणीत नाही, हे सहकाराच्याच पैशाने सांगितले गेले. ‘मंथन’ची डागडुजी केलेली प्रत २०२४ मध्ये फ्रान्समधील कान महोत्सवात दाखविली गेली तेव्हा देशोदेशीच्या रसिकांनी तिचे कौतुक केले. दोन रुपये देणाऱ्या गवळ्यांच्या त्या योजनेचे अनुकरण मात्र साखर कारखान्यांच्या आमच्या महाराष्ट्रात झाले नाही, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

‘मंथन’नंतरची ‘भूमिका’ ही हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथेवर आधारलेली आहे. हंसाबाई स्वतः ‘संत सखू’, ‘रामशास्त्री’ आणि ‘लोकशाहीर रामजोशी’ यांसारख्या चित्रपटांतून महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेल्या अभिनेत्री. अगदी कोवळ्या वयात त्या घरच्या गरजेपोटी कामाला लागल्या. त्यांच्या जीवनावरून रचलेली ‘भूमिका’तील उषा ही घरातील एकमेव मिळवती व्यक्ती आहे. करार नवरा ठरवितो, रक्कम नवरा घेतो, आणि बायको स्टुडिओत कोणाशी बोलते यावरून तिला छळण्याचा अधिकारही तोच बजावतो. कारखान्यातील कामगाराला निदान पगाराच्या पाकिटावर स्वतःचे नाव लिहिलेले पाहावयास मिळते. या बाईला तेवढेही सुख नाही. पुढे ती एका जमीनदाराच्या वाड्यात जाते. तेथे अन्नवस्त्राची ददात नाही, मानही मिळतो. परंतु उंबरठ्याबाहेर पाऊल टाकण्याची मुभा नाही. कमाई करूनही स्वातंत्र्य नाही आणि कमाई सोडूनही नाही, असा हा पेच आहे. स्त्री अर्थार्जन करू लागली की ती स्वतंत्र होते, हे सूत्र आम्ही आमच्या शिबिरांतून अनेक वर्षे शिकवीत आलो. मिळकतीवर ताबा कोणाचा, हा दुसरा प्रश्न विचारल्याखेरीज ते सूत्र अपुरे राहते, हे हंसाबाईंनी स्वतःच्या आयुष्यातून सांगितले आणि स्मिता पाटील यांनी ते लाखो प्रेक्षकांसमोर उभे केले.

‘चक्र’ची कहाणी या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे. जयवंत दळवी यांच्या कादंबरीवरून रवींद्र धर्मराज यांनी केलेला हा चित्रपट १९८१ मध्ये प्रदर्शित झाला. मुंबईच्या झोपडपट्टीतील अम्मा उघड्यावर, नळाशी आंघोळ करते; कारण तिच्या झोपडीला न्हाणीघर नाही. चित्रपटात हे दृश्य येते तेव्हा प्रेक्षकाला शरम वाटते ती शहराची. परंतु तेच दृश्य जेव्हा रस्त्यावरच्या भव्य फलकावर चढले, तेव्हा शहराची शरम नाहीशी झाली आणि उरला तो केवळ एका स्त्रीच्या देहाचा बाजार. या जाहिरातीविषयी स्मिता पाटील यांनी आपली नापसंती उघडपणे बोलून दाखविली होती. बाई तीच, पाणी तेच, अंगावरचे लुगडे तेच. दिग्दर्शकाच्या हातून वितरकाच्या हाती गेल्याबरोबर त्याचा अर्थ पालटला. आपल्या श्रमाचे फळ श्रमिकाच्या हातून निसटते आणि परके होऊन त्याच्यासमोर उभे राहते, हा सिद्धांत आम्ही पुस्तकांतून शिकवितो. येथे तो मुंबईच्या हमरस्त्यावर टांगलेला होता.

आणि आता आमच्या स्वतःच्या वर्तनाकडे येऊ. १९८२ मध्ये ‘नमक हलाल’ आणि ‘शक्ती’ हे चित्रपट आले, तेव्हा आपल्या वर्तुळात किती कुजबुज झाली हे जुन्या साथींना आठवत असेल. ‘आपली स्मिता त्या बाजारात गेली’, असा सूर होता. ज्या प्राध्यापकांना दर महिन्याच्या एक तारखेला वेतन मिळत होते, त्यांचाच हा सूर सर्वांत मोठा होता, हे येथे नमूद केले पाहिजे. समांतर म्हटल्या जाणाऱ्या चित्रपटांत मोबदला तुटपुंजा होता. शिवाय १९८० च्या सुमारास या चित्रपटांचे दिग्दर्शकही खपाच्या दृष्टीने नावाजलेले चेहरे घेऊ लागले होते. मग प्रायोगिक चित्रपटात काम मिळण्यासाठीही बाजारात नाव असावे लागते, ही विपरीत स्थिती निर्माण झाली. स्मिता पाटील यांनी ती ओळखली आणि दोन्हीकडे काम केले. पावसात भिजत नाचण्याच्या दृश्याने त्यांना स्वतःला क्लेश झाले, असे सांगितले जाते. ते खरे असो वा नसो, त्याच वर्षी ‘उंबरठा’, ‘बाजार’ आणि ‘अर्थ’ हेही चित्रपट लोकांसमोर आले, एवढे लक्षात घेतले की निवाडा करण्याची घाई कमी होते. गिरणी कामगाराने जादा पाळी केली तर आम्ही त्याला तत्त्वभ्रष्ट म्हणत नाही.

‘उंबरठा’विषयी प्रस्तुत लेखकाला एक कबुली द्यावयाची आहे. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि जब्बार पटेल यांनी चित्रपट केला. सुलभा महाजन ही सुखवस्तू घरातील सून, एका मुलीची आई. संगमवाडीच्या महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून ती घराबाहेर पडते. आश्रमाच्या चार भिंतींआड चाललेला गैरव्यवहार, व्यवस्थापक मंडळातील प्रतिष्ठितांची संगनमते, आश्रयाला आलेल्या बायकांचाच होणारा व्यापार हे ती पाहते, लढते, चौकशीला तोंड देते आणि अखेर राजीनामा देऊन घरी परतते. घरी तिची जागा उरलेली नसते. ती पुन्हा बाहेर पडते. त्या वेळी आम्ही पुण्यात पदव्युत्तर वर्गात शिकत होतो आणि एका अभ्यासमंडळात या चित्रपटावर चर्चा झाली. प्रस्तुत लेखकाने त्या दिवशी मोठ्या आवेशाने असे प्रतिपादन केले की, प्रश्न योग्य असला तरी लहान मुलीला टाकून जाणारी नायिका चळवळीचा आदर्श होऊ शकत नाही. मागे बसलेल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्या भगिनी उठल्या आणि शांतपणे म्हणाल्या, ‘आणीबाणीत आमचे हे एकोणीस महिने आत होते. त्या आधी वर्षातले आठ महिने दौऱ्यावर असत. मुलांना टाकून गेले, असे त्यांना कधी कोणी म्हटले नाही. त्यांचा तुम्ही सत्कार केलात.’ सभेत कोणी काही बोलले नाही. प्रस्तुत लेखकही बोलला नाही. त्यांचे म्हणणे खोडून काढता येत नव्हते म्हणून तो गप्प बसला. ते पटण्यास पुढे बरीच वर्षे लागली. दरम्यान त्याच्या पत्नीने परगावच्या महाविद्यालयात मिळालेली नोकरी मुलांसाठी सोडली, आणि ती तिने आपखुषीने सोडली, असेच तो सर्वांना सांगत राहिला. असा उंबरठा आमच्या कित्येक पुरोगामी घरांत होता आणि आहे.

स्मिता पाटील यांच्या कामाचा आवाका मराठी-हिंदीपुरता नव्हता. केतन मेहता यांचा गुजराती ‘भवनी भवाई’, अरविंदन यांचा मल्याळी ‘चिदंबरम्’ आणि मृणाल सेन यांचा बंगाली ‘आकालेर संधाने’ ही नावे पुरेशी आहेत. पैकी ‘आकालेर संधाने’ आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळावर चित्रपट काढण्यासाठी शहरातील मंडळी एका खेड्यात येतात. स्मिता पाटील त्यात स्मिता नावाच्याच नटीचे काम करतात. दुष्काळाचे चित्रण करावयास आलेले लोक आपल्या खरेदीने गावच्या बाजारात तुटवडा निर्माण करतात आणि अखेरीस गाव त्यांच्यावर उलटते. त्या दुष्काळात लाखो माणसे मेली ती देशात धान्य मुळीच नव्हते म्हणून नव्हे, तर ते विकत घेण्याची ऐपत त्यांच्यापाशी नव्हती म्हणून, हा निष्कर्ष अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या आपल्या ग्रंथात मांडला. मृणाल सेन यांचा चित्रपट त्याच्या एकच वर्ष आधीचा. गरिबांचे दुःख चितारणाऱ्याने स्वतःच्या क्रयशक्तीचाही हिशेब द्यावा, हा त्यातील बोध गरिबांवर अग्रलेख लिहिणाऱ्यांनाही लागू आहे.

त्यांच्या मृत्यूनंतर, १९८७ मध्ये ‘मिर्च मसाला’ प्रदर्शित झाला. राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या, म्हणजे सार्वजनिक पैशाने तो निघाला होता. स्वातंत्र्यपूर्व काळातील गुजरातचे एक खेडे. सुभेदाराच्या वासनेला नकार देऊन सोनबाई मिरच्या कुटण्याच्या कारखान्यात आश्रय घेते. म्हातारा पहारेकरी अबू मियाँ दार लावून घेतो. गावचा मुखी, पंच, प्रतिष्ठित सारे म्हणतात, एक बाई देऊन टाका आणि गाव वाचवा. येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, आत काम करणाऱ्या बायकाही प्रथम सोनबाईलाच बोल लावतात. त्यांची एकजूट तयार नसते. भीतीच्या दोन-चार प्रहरांत ती हळूहळू घडते, आणि शेवटी ज्या मिरचीने त्यांचे हात वर्षानुवर्षे भाजले तीच मिरची त्यांचे शस्त्र होते. संघटना बांधणाऱ्या कोणाही कार्यकर्त्याने हा चित्रपट पाहावा. पीडित माणसे आयती एकत्र येत नसतात; दार लावून घेणारा एक अबू मियाँ आधी उभा राहावा लागतो.

२८ नोव्हेंबर १९८६ रोजी स्मिता पाटील यांना पुत्र झाला आणि पंधराच दिवसांनी, प्रसूतीनंतर उद्भवलेल्या आजारात त्यांचा अंत झाला. मुंबईसारख्या शहरात, सर्व साधने हाताशी असताना हे घडले. मग त्या काळी खेड्यापाड्यांतील बायकांची काय कथा असेल? १९९२-९३ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार दर लाख जिवंत जन्मांमागे ४२४ माता मरत होत्या. २०१८-२० या कालखंडात हे प्रमाण ९७ पर्यंत खाली आले. ही घट मोठी आहे. तिच्यामागे सरकारी दवाखाने, परिचारिका आणि अत्यल्प मानधनावर दारोदार फिरणाऱ्या आशा कार्यकर्त्या आहेत, हे विसरता कामा नये. एका नामवंत अभिनेत्रीच्या मृत्यूबद्दल हळहळणाऱ्यांनी आशाताईंच्या मोर्चात दोन पावले चालावे. खरी श्रद्धांजली ती ठरेल.

चित्रपटसृष्टीतील श्रमिकांचे पुढे काय झाले? १९८१ मध्ये संसदेने चित्रपट कामगारांच्या नोकरीचे नियमन करणारा आणि त्यांच्या कल्याणनिधीचा असे कायदे केले. २०२० मध्ये संमत झालेल्या श्रमसंहितांत ते सामावून घेण्यात आले. १९९८ मध्ये चित्रपटाला उद्योगाचा दर्जा देण्याची घोषणा झाली आणि त्यानंतर बँकांचा पैसा येऊ लागला. उद्योगाला दर्जा मिळाला. कामगाराला मिळाला काय? सेटवर बारा-बारा तास उभे राहणारे ज्युनिअर आर्टिस्ट, प्रकाशयोजनेचे कामगार, केशभूषा करणाऱ्या बायका यांना लेखी करार, वेळेवर मोबदला आणि बाळंतपणाची रजा हे शब्द अजूनही परकेच वाटतात. केरळात एका अभिनेत्रीवरील अत्याचारानंतर चित्रपट व्यवसायातील स्त्रिया संघटित झाल्या. २०१७ मध्ये न्यायमूर्ती हेमा समिती नेमली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये तिचा अहवाल सरकारला सादर झाला, आणि लोकांसमोर तो ऑगस्ट २०२४ मध्ये आला. साडेचार वर्षे तो अहवाल बंद राहिला आणि त्या काळात केरळात डाव्या आघाडीचे सरकार होते, हेही डाव्या विचारांच्या साप्ताहिकाने लपवू नये. त्या अहवालात स्वच्छतागृहांच्या अभावापासून कामाच्या बदल्यात देहाच्या मागणीपर्यंत जे नोंदले आहे, ते वाचताना ‘भूमिका’तील उषा आठवते. स्टुडिओ बदलले, कॅमेरे बदलले. पेच तोच राहिला.

स्मिता पाटील मुंबईतील स्त्री केंद्राच्या कामाशी जोडलेल्या होत्या. आपण ज्या भूमिका करतो त्यांच्या मागच्या बायकांचे ऋण आपल्यावर आहे, ही जाणीव त्यांना होती. आम्ही मात्र त्यांना प्रतीक केले, भाषणात दाखला म्हणून वापरले आणि त्यांच्या व्यवसायातील हजारो अनामिक बायकांकडे पाठ फिरविली. ही चूक सुधारण्यास अद्याप वेळ आहे. गोरेगावच्या चित्रनगरीत, कोल्हापुरात आणि मालिकांच्या सेटवर राबणाऱ्या असंघटितांच्या नोंदणीचे काम आपल्या कामगार आघाडीने हाती घ्यावे. २०१३ च्या कायद्याने बंधनकारक केलेली तक्रार समिती प्रत्येक निर्मितीसंस्थेत आहे की नाही, याची विचारणा करावी. आणि प्रत्येक शाखेने वर्षातून एकदा ‘मंथन’, ‘उंबरठा’ किंवा ‘मिर्च मसाला’ यांपैकी एक चित्रपट सतरंज्या अंथरून दाखवावा. चित्रपट संपल्यावर चर्चेला आरंभ होईल तेव्हा पुरुष साथींनी थोडा वेळ गप्प बसावे आणि मागे बसलेल्या भगिनींना आधी बोलू द्यावे. प्रस्तुत लेखकाला हे शहाणपण यावयास चाळीस वर्षे लागली. तरुण साथींना इतकी लागू नयेत, एवढीच अपेक्षा.